एरिवेच्या आईचं स्वप्न

तिचं नाव मी सांगणार नाही. आमच्यात माणसाचं खरं नाव मोठ्यानं घेणं म्हणजे भांडण उकरून काढणं, आणि या बाईशी भांडण उकरून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. सगळे तिला एरिवेची आई म्हणायचे. एरिवे हेही पोराचं खरं नाव नव्हे. ते आरोग्यकेंद्रातल्या नर्सनं ठेवलेलं, सुया टोचताना हाक मारायला. असली नापेंची, म्हणजे बाहेरच्या माणसांची, नावं सदऱ्यासारखी असतात. कुणीही धरून ओढावं, कुणाला राग येत नाही. त्यामुळे यानोत, आमच्या त्या मोठ्या गोल घरात, दिवसभर "एरिवेची आई, विस्तव दे गं", "एरिवेची आई, तुझ्या कुत्र्याला आवर" असं चालायचं. बाई ओठाखालची तंबाखूची गुंडाळी न काढता सगळ्यांना तोडीस तोड उत्तरं द्यायची. ती ऐकायला लोक मुद्दाम तिच्या चुलीपाशी रेंगाळत.

सगळ्यांत जास्त रेंगाळायचा तो तिचा धाकटा दीर. त्याचा एक कान अर्धा तुटलेला. कसा तुटला ते तो दर वेळी वेगळं सांगतो. त्याची चूल तिच्या चुलीला लागूनच. नवरा गेल्यापासून शिकारीतला वाटा तोच आणून टाकायचा आणि वर म्हणायचा, "घे एरिवेची आई, तुझा लेक मारील तोवर दात पडतील तुझे."

या एरिवेला साप चावला. आदल्या रात्री पोराला स्वप्नात पायाला वेल गुंडाळलेली दिसली होती. वेल दिसली की त्या दिवशी झोळीतून उतरायचं नसतं, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण रानडुकरांचा माग ताजा होता, आणि हा पडला तरणाताठा. आईला सांगितलं तर ती जाऊ देणार नाही म्हणून बोललाच नाही. पायवाटेवर जोडीदारांना हसत हसत सांगितलं, आणि थोडं पुढं जातो न जातो तोच ओरडला. कानतुट्या काकानं त्याला पाठीवर घेतलं आणि ओढे, चिखल, पडलेली झाडं काही न बघता घरापर्यंत आणलं.

नर्सनं रेडिओवर कळवलं, विमान आलं, पण त्यात दुसऱ्या गावची अडलेली बाई आधीच आडवी होती. जागा एकाचीच. पोराला आत सरकवलं, दार लागलं, आणि आई धावपट्टीच्या कडेला उभी राहिली. विमान बोआ व्हिस्ताला, शहरातल्या मोठ्या दवाखान्याकडे गेलं.

पहिले काही दिवस रेडिओवर कळायचं. पाय सुजलाय, काळा पडलाय, पण पोरगा जिवंत आहे. मग रेडिओची बॅटरी मेली. नर्स सुट्टीवर गेली, तिच्या जागी कुणी आलं नाही. पाऊस लागला, ढग झाडांच्या शेंड्यावर येऊन बसले, विमानं बंद. एक चंद्र सरला, दुसरा निम्मा झाला. खबर नाही ती नाहीच.

बाईचं मन थाऱ्यावर राहीना. हातात टकळी घ्यायची, सूत दोनदा तुटलं की फेकून द्यायची. चुलीवर खेकडे ठेवायची आणि ते तसेच सोडून धावपट्टीकडे निघायची. भुंगा गुणगुणला तरी मान वर. कुणी म्हणालं, "अगं, तो भुंगा आहे," तर ती म्हणायची, "मला काय कळत नाही? मान आखडलीय म्हणून वर केली." धावपट्टीवर जायची, चिखलात उभी राहायची, परत यायची, पाणी प्यायची, पुन्हा निघायची. तिचं कुत्रंसुद्धा कंटाळलं. पहिल्यांदा मागं मागं जायचं. मग नुसतं डोळे उघडून बघायचं आणि परत राखेत तोंड खुपसायचं.

आणि मग ते स्वप्न पडलं.

एरिवे एका लांबच लांब घरात बसलेला. झोळ्यांच्या ओळीच्या ओळी, एकातही ओळखीचं माणूस नाही. डोकं भादरलेलं. अंगावर शेंदरीच्या रंगाचं बोटसुद्धा नाही. हातात ताट, ताटात पांढरा भात. त्यानं आईकडे बघितलं, ताट पुढं केलं आणि म्हणाला, "आई, घे."

ती ओरडून जागी झाली.

का ओरडली ते सांगायला हवं. आमच्यात स्वप्न पाहणाऱ्याचं नसतंच. दूर कुठं तरी कुणाला तरी आपली ओढ लागते, तो आपल्याला ओढून घेतो, आणि आपण जातो. ओढणारा जिवंत असला तर काही बिघडत नाही. सकाळी जरा जड वाटतं, तेवढंच. पण मेलेल्यांची ओढ वाईट. ते असतात आभाळाच्या पाठीवर. तिथं त्यांचा रोज सण, आणि त्यांना आपली दया येते. बिचारे खाली कसे कुढत बसलेत, म्हणतात, आणि खायला पुढं करतात. तो घास घेतला की इथं अंग तापतं, आणि माणूस त्यांच्यामागं निघून जातो. म्हणून स्वप्नात कुणी खायला देऊ केलं तर तो कुठून आलाय, हे विचारावं लागत नाही.

उजाडता उजाडता, लोक झोळ्यांत पडल्या पडल्या एकमेकांना रात्रीचं सांगत होते. दिराच्या बायकोनं शेजारच्या झोळीतून विचारलं, "एरिवेची आई, ओरडलीस कशाला गं?"

"एरिवे दिसला."

"अगंबाई! काय करत होता?"

"बसला होता."

"नुसता? हातात काही होतं?"

"नाही," ती म्हणाली. "हातात काय असणार? रिकामा होता."

हे तिचं पहिलं खोटं. स्वप्न लपवायचं नसतं, तिला माहीत होतं. पण ताटाचा शब्द तोंडातून निघाला की पुढं काय, हेही माहीत होतं. मेलेल्याची एकही वस्तू मागं ठेवायची नसते. त्याचं धनुष्य, बाण, झोळी जाळतात. त्यानं लावलेली झाडं तोडतात. तो बसायचा ती जागा खरवडतात. आणि नाव तर जिभेवरूनच पुसतात. पोरगा शहरात कुठं तरी श्वास घेत असला तरी इथं तो संपला असता, आणि संपवणारी ती स्वतः असती, तिचं तोंड असतं.

स्वप्न पुन्हा पडलं. तेच घर, तेच ताट, तेच "आई, घे". मग तिनं झोपायचंच सोडलं. डोळा लागायला आला की मिरची चावायची. दिवसा चालता चालता खांबाला धडकायची. तरी डोळे कधी तरी मिटायचेच, आणि मिटले की ताट पुढं. सकाळी कुणी विचारलं तर एकदा म्हणाली उभा होता, एकदा म्हणाली चालत होता, एकदा म्हणाली पाठमोरा होता. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ते नीट जमायचं नाही. आणि यानोत आतून भिंती नाहीत. इकडच्या झोळीतलं कुजबुजणं पलीकडच्या चुलीला ऐकू जातं. लोक काही वेडे नव्हते.

त्यातच दिराची धाकटी पोरगी तापली.

त्यानंतर एका दुपारी बायका कसाव्याचे कंद किसत बसल्या होत्या. दिराच्या बायकोला किसणी हवी होती. तिनं मान वळवली, तोंड उघडलं, म्हणाली, "ए, ए... अगं ए," आणि थांबली. मग नुसतं बोट दाखवलं. बाईनं किसणी दिली. थोड्या वेळानं दुसरीनं "अगं बाई, जरा सरक" म्हटलं. संध्याकाळी दीर मांसाचा वाटा घेऊन आला, केळीच्या पानावर ठेवला आणि खाली बघत म्हणाला, "घ्या वहिनी."

वहिनी! जन्मात कधी त्यानं तिला वहिनी म्हटलं नव्हतं. एरिवेचं नाव बंद झालं होतं, आणि त्याबरोबर तिचंही. पोराला कुणी मेला म्हणालं नव्हतं, कुणी रडलं नव्हतं. ठरलं मात्र होतं. त्या रात्रीचं मांस तिनं कुत्र्याला घातलं.

दुसऱ्या दिवशी ती मळ्यात गेली. एरिवेनं लावलेल्या केळी एका ओळीत उभ्या होत्या, आणि पहिलीला आता लोंगराचा भार पेलवत नव्हता. पलीकडे त्याचे बाणाचे बोरू वाऱ्यावर हलत होते. ती बुंध्याला पाठ लावून बसली. पाठीमागं पाचोळा वाजला. दीर होता. हातात कोयता.

"उठा वहिनी," तो म्हणाला.

"मला वहिनी म्हणू नकोस. कोयता कशाला आणलास?"

"तुम्हाला माहीत आहे कशाला."

"लोंगर अजून तयार नाही."

"लोंगरासाठी नाही आलो." तो खाली उकिडवा बसला. "हे बघ, मी त्याला पाठीवर आणलं. माझ्या खांद्यावर त्याची लाळ गळत होती. मला त्याचं काही नाही असं समजू नकोस. पण पोरगी भट्टीसारखी तापलीय. झोपेत हात पुढं करते, कुणी काही देत असल्यासारखा. कोण देतंय गं तिला? शहरात माणूस गेला तर नापे मातीत पुरतात. त्याची हाडं आपल्याला मिळायची नाहीत, राख मिळायची नाही. तो तसाच भटकणार. इथं त्याचं धनुष्य आढ्याला आहे, या केळी आहेत, तो या सगळ्याच्या ओढीनं येतो आणि माझ्या लेकीचा हात धरतो."

"मेला म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"तूच. रोज सकाळी. लपवून."

त्याच्यावर चिडावं असं त्यानं काहीच खोटं बोललेलं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

"उद्या सकाळी सगळ्यांसमोर खरं सांग," तो उठत म्हणाला. "नाहीतर मी उद्या कुणाला विचारायला थांबणार नाही."

सकाळी धुकं यानोच्या मधल्या अंगणात उतरलेलं असतानाच ती तिथं जाऊन उभी राहिली. तिथं उभं राहून बोलायचं ते जाणत्या पुरुषांनी. बायका आपापल्या चुलीपासून ओरडतात. पण कुणी तिला हटकलं नाही. तिचा थोरला भाऊ, आमचा भगत, झोळीत पडून खोकत होता. तो नाकात पूड फुंकून घेऊन शापिरींना, रानातल्या त्या चिमुकल्या नाचऱ्या देवांना, बोलावतो. आभाळाच्या पाठीवर त्याची जा-ये आहे. त्यानं खोकला आवरला.

"मी खोटं बोलले," बाई म्हणाली. "तो रिकामा नव्हता. त्याच्या हातात ताट होतं. त्यानं ते माझ्यापुढं केलं. म्हणाला, आई, घे."

सगळ्या यानोतून एकदम हुंदका फुटला. बायकांनी गळा काढला. दीर उठला, आढ्यातून एरिवेचं धनुष्य आणि बाण ओढून काढले आणि चुलीकडे वळला. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते.

"अरे थांबा!" भगत झोळीतून ओरडला. "रडायची एवढी घाई? मी मरेन तेव्हा असं रडणार आहात का? ए, बहिणाबाई, ताटात काय होतं?"

"भात. पांढरा. नापेंचा."

"आणि 'आई, घे' म्हणून गप्प बसला?"

बाई घुटमळली. ताटाच्या भीतीनं पुढचं तिनं कधी मनाशीसुद्धा नीट उगाळलं नव्हतं. "म्हणाला, आई, घे, बघ तरी चाखून. याला कशाचीच चव नाही. रोज हेच देतात. मला एक केळं भाजून दे."

"आणि?"

"म्हणाला, इथं धूर नाही, डास फोडून खातात."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता खोकला, झोळी हलली. "अगं, मी तिथं किती वेळा जाऊन आलो! टापिराचं, त्या आखूड सोंडेच्या जनावराचं, मांस टांगलेलं असतं, चरबी गळत असते. सगळे गुबगुबीत, रंगवलेले, कानात पिसं. खा खा म्हणून माझा जीव खातात. जेवणाबद्दल कुरकुर करणारा मेलेला माणूस मला तिथं एकही भेटला नाही. आणि डास? वरती डास? कुरकुर करतोय म्हणजे पोरगा जिवंत आहे. भुकेला आहे, बस्स."

बायकांचं रडणं अडखळलं. पण दीर चुलीपाशी तसाच उभा. "तू तिचा भाऊ," तो म्हणाला. "तुला भाचा हवाय. माझी लेक गेली तर तुझं काय जातं?"

"हो, हवाय भाचा," म्हातारा म्हणाला. "म्हणून काय खोटं सांगू?"

धनुष्याची दोरी चुलीच्या आचेवर गरम व्हायला लागली होती, तिचा वास सुटला. आणि तेव्हा बाईनं तोंडातली तंबाखू काढली, फेकून दिली, आणि यानोच्या दाराकडं, जिकडून विमानं येतात त्या बाजूला, तोंड करून पोराचं नाव घेतलं.

एरिवे नव्हे. खरं. लहानपणी ठेवलेलं, जे तिनं स्वतः त्याच्या मिशा फुटल्यापासून उच्चारलं नव्हतं. ते मी इथं घेणार नाही, तुम्ही कितीही विचारलंत तरी. मेलेल्याचं नाव असं ओरडणं यापरता मोठा अपमान आमच्यात नाही. त्यासाठी डोकी फुटतात, गावं मोडतात. आणि मेलेला ते ऐकून पहिला ओरडणाऱ्यावरच येतो. तिनं ते तीनदा घेतलं, नरडं फाटेपर्यंत. पोरगा मेलेला असेल तर मला ने, दुसऱ्या कुणाच्या लेकीला नको, असाच त्याचा अर्थ होता, आणि तो सगळ्यांना कळला.

दिरानं धनुष्य चुलीवरून मागं घेतलं. परत आढ्याला खोचलं. "तू घेतलंस नाव," तो पुटपुटला. "आता होईल ते तुझ्यावर."

पोरीचा ताप पुढं उतरला. कशानं, ते मला विचारू नका. भगतानं शापिरी बोलावले होते, आणि नर्सच्या उरलेल्या गोळ्याही दिल्या होत्या. दोघांपैकी कुणाचाही मान मी कमी करणार नाही.

आता बाईला झोप लागायला हवी होती. कसलं काय! त्या दिवसापासून तिला स्वप्नच पडेना. मिटले डोळे, काळोख, सकाळ. भात नाही, ताट नाही, पोरगा नाही. आधी झोपायला भ्यायची, आता झोपेसाठी तळमळायला लागली. दुपारीसुद्धा झोळीत पडून डोळे घट्ट मिटून घ्यायची. "अरे, ये की रे," पुटपुटायची. "ताट घेऊन ये, कसाही ये." त्याला आपली ओढ राहिली नाही, की ओढायला तोच राहिला नाही? भावाला विचारलं तर तो म्हणाला, "झोपला असेल गाढ." पण त्याचं तोंड ते म्हणताना पडलेलं होतं. लोक तिच्या चुलीपाशी थांबेनासे झाले. धनुष्य आढ्याला होतं, केळी उभ्या होत्या, आणि तिला हाक मारायला मात्र कुणाकडं शब्द नव्हता. "वहिनी" आणि "अगं ए".

लोंगर पिकायला लागलं तेव्हा ढग फाटले. भुंगा गुणगुणला. तिनं मान वर केली नाही. पुरे झालं म्हणून रागानं खालीच घातली. पण कुत्रं राखेतून उठलं आणि धावत सुटलं.

एरिवे आला. काठी टेकत, पाय ओढत, डोक्यावर बोटभर केस, गालफडं बसलेली. आमच्यात लांबून आलेल्याच्या गळ्यात कुणी पडत नाही. तो आला, कुणाकडं न बघता आपल्या झोळीत आडवा झाला, तोंडावर हात घेतला. आईनं त्याच्याच केळीच्या लोंगरातली एक फणी आणली, केळं विस्तवात ठेवलं, उलटं केलं. ते दोनदा तिच्या हातून निखाऱ्यात पडलं. मग राख झटकून तिनं ते त्याच्यापुढं धरलं.

"घे," ती म्हणाली.

पोरानं हात मागं घेतला. केळ्याकडं बघितलं, तिच्या तोंडाकडं बघितलं, मग तिच्या पायांकडं. त्याचे डोळे भरून आले.

"आई, तू जिवंत आहेस ना गं?"

"म्हणजे?"

"तिथं एका पहाटे तू मला हाक मारलीस. माझं नाव घेतलंस. खरं. तीनदा." तो कुजबुजत होता. "जिवंत माणूस असं नाव घेतं का? मला वाटलं, आई गेली. वरून बोलावतेय. मग मी झोपलोच नाही. डॉक्टर गोळ्या द्यायचे, मी थुंकून टाकायचो. म्हटलं, झोपलो तर तू येशील आणि खायला पुढं करशील. आणि तू पुढं केलंस तर मी नाही कसं म्हणू?"

बाईला हसू आलं, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. एवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. नाकाडोळ्यांतून पाणी गळत असताना तिनं ते केळं त्याच्या तोंडात कोंबलं. "गिळ मेल्या! इथं तुझ्यापायी माझ्या डोळ्याला डोळा नाही, आणि तू तिकडं मला मारून बसलास?"

त्यानं चावलं. तोंड वाकडं केलं. "एका बाजूनं करपलंय की गं," तो म्हणाला. "आणि आत कच्चं."

पलीकडच्या झोळीतून म्हातारा भगत खो खो हसायला लागला. मग कुणीतरी आणखी हसलं. दीर आपल्या चुलीपाशी पाठमोरा बसून कोयत्याची धार उगाच बोटानं बघत होता. तो वळला, आणि तोंडातल्या तोंडात दोनदा चाचपडून अखेर मोठ्यानं म्हणाला,

"एरिवेची आई! आम्हालाही दे की एखादं भाजून."

"तोडायला निघाला होतास ना?" ती नाक पुसत म्हणाली. "मग ये आणि हातानं भाजून घे."